हौदाची वही

२८ मे

सकाळी पडवीत आले तर हौदातलं पाणी मुगाच्या कढणासारखं. परवा संध्याकाळी पायरीच्या कडेला नुसती झाक होती, पावलाला किंचित बुळबुळीत लागलं होतं. दोन रात्रींत तळाची जाळी दिसेनाशी झाली. घर आणि बाग सांभाळणारे मामा काठावर उभे होते. म्हणाले, "ताई, औषध तर कालच टाकलंय."

आधी नातीला सांगितलं, आज पाण्यात कुणीच उतरायचं नाही. हिरव्या शेवाळाने अंगाला फारसं काही होत नाही. पण तळ न दिसणाऱ्या पाण्यात बुडणारं मूल काठावरच्या माणसाला दिसत नाही. वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला: सर्वांत खोल जागी टाकलेलं नाणं काठावरून स्पष्ट दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर हौद बंद.

*

हौद आठ मीटर लांब, चार रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० घनमीटर, ४०,००० लिटर, दहा हजारी टँकर चार. ह्यांच्या गुडघ्यांसाठी बांधला, मुळशीच्या वाटेवर, बोअरच्या पाण्यावर. त्या ४०,००० लिटरची जाणीव मला रोज असते. तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत. पाणी बिघडलं की ओतून द्यायचं आणि नवं भरायचं, हा उपाय मी पहिल्या दिवशीच बाद केला.

हा ४० चा आकडा मात्र पाठ हवा. दर लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजे एक पीपीएम, वाढवायचं तर या हौदाला ४० ग्रॅम लागतात. पुढची सगळी गणितं इथूनच सुटतात.

*

मामा क्लोरीनला औषध म्हणतात. गावात तसंच म्हणतात. पिकावर मारतात ते औषध, उंदराला घालतात ते औषध, विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडरही औषधच. शब्द चांगला आहे, पण त्यातून एक समजूत येते: गुण आला नाही तर मात्रा वाढवा. गेले चार महिने मीही तेच करत होते.

*

२९ मे

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची 'ओटी टेस्ट' करतो. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं; पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात ०.२ पीपीएम उरलं तरी चालतं, आणि तेवढं कळायला ती चाचणी पुरते. कंत्राटदाराने हौदाबरोबर दिलेल्या डबीतही तेच थेंब होते. आमचं पाणी दर वेळी छान पिवळं व्हायचं आणि मी निर्धास्त राहायचे.

ते पिवळेपण एकूण क्लोरीनचं असतं. कामाचं, मोकळं क्लोरीन त्यात वेगळं दिसत नाही. घाम आणि लघवीतल्या नत्राशी जुळून थकलेलं क्लोरीनही तोच रंग देतं. सार्वजनिक तलावावर नाकात जाणारा जो उग्र वास आपण 'क्लोरीन जास्त झालंय' म्हणून ओळखतो, तो बहुतेक या थकलेल्या क्लोरीनचा, क्लोरामाइनचा असतो. डोळे त्यानेच चुरचुरतात. वास येतो तिथे मोकळं क्लोरीन बहुधा कमी पडलेलं असतं. म्हणूनच पाण्यात उतरण्याआधी अंगावर दोन तांबे घेणं हा शिष्टाचाराइतकाच रसायनाचाही भाग आहे.

पुण्याहून डीपीडीची पेटी मागवली. तिच्यात मोकळं क्लोरीन गुलाबी दिसतं आणि थेंब मोजून आकडा काढता येतो.

*

३० मे

आकडे आले. मोकळं क्लोरीन ३. पीएच ७.६. क्षारता ७०. पाण्याचा जडपणा ४२०. पुस्तकी हिशेबात तीन पीपीएम क्लोरीन म्हणजे पुरेसं. आणि पाणी हिरवंगार.

शेवटची नळी राहिली होती. तिच्या तळाशी काळा ठिपका असतो. हौदाचं पाणी आणि चाचणीचा द्रव मिसळला की पांढरं ढगाळ होतं. ते नळीत ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबून आकडा वाचायचा. नळी १०० पर्यंतच मोजते. आमचा ठिपका त्या खुणेच्याही आधी गेला. पाण्यात तेवढंच बोअरचं पाणी मिसळून पुन्हा मोजलं आणि आकडा दुप्पट केला. १८०.

हे सायन्युरिक आम्ल. सगळं उत्तर इथे होतं, आणि चार महिन्यांत मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

*

उघड्या उन्हात नुसतं क्लोरीन टिकत नाही. दुपारच्या उन्हात तासाभरात निम्मं उडून जातं. सायन्युरिक आम्ल त्याला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं. थोडं हवंच, आपल्याकडच्या उन्हात तर नक्कीच. पण धरून ठेवलेलं क्लोरीन म्हणजे मुदत ठेव. शेवाळ मारायला हातातली रोकड लागते. आम्ल जितकं जास्त तितकी रोकड कमी, आणि चाचणी मात्र ठेव आणि रोकड मिळून एकच आकडा दाखवते.

साधा दंडक असा की मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्क्यांखाली जाऊ द्यायचं नाही. १८० चे साडेसात टक्के म्हणजे साडेतेरा. माझ्याकडे होतं तीन. शेवाळ उपाशी नव्हतं, क्लोरीन उपाशी होतं.

ते आलं कुठून? पांढऱ्या, मोठ्या, २०० ग्रॅमच्या गोळीतून. ती तरंगत्या डबीत ठेवली की आठवडाभर विरघळत राहते. सोयीची म्हणून सगळे वापरतात. तिच्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक येतं. आमच्या हौदात एका गोळीने पावणेतीन. आठवड्याला चार गोळ्या, म्हणजे अकरा. फेब्रुवारीपासून सोळा-सतरा आठवडे. गुणाकार केला तेव्हा नळीचा आणि कागदाचा आकडा जवळपास जुळला. क्लोरीन खर्च होतं, हे आम्ल खर्च होत नाही. फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हात उडत नाही. ते कमी करायचं तर पाणी बदलणं हाच खात्रीचा मार्ग.

पहिल्या दिवशी बाद केलेला उपाय असा परत दारात आला.

*

बोअरच्या पाण्याचा जडपणा २५० आणि हौदाचा ४२०. हा फरक बाष्पीभवनाचा. एप्रिल-मेमध्ये रोज सात-आठ मिलिमीटर पाणी उडतं. ३२ चौरस मीटरवर म्हणजे रोजचं सुमारे अडीचशे लिटर. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. मग वरून पुन्हा बोअरचं घालायचं, त्याचेही क्षार राहतात. मिठागरात याहून वेगळं काही घडत नाही. पाण्याच्या रेषेवर फरशीला बसलेला पांढरा थर, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच.

कोकणात माहेरी जांभ्यातल्या विहिरीचं पाणी याच्या उलट: मऊ, किंचित आम्ल. तिथे हौद बांधला तर थर बसणार नाही, पण भुकेलं पाणी सिमेंटमधला चुना ओढून घेईल. आणि पाण्यात लोह असेल तर क्लोरीन टाकताच ते चहासारखं तांबूस होईल. पुस्तकातलं एकच कोष्टक घाटावर आणि घाटाखाली सारखं लावता येत नाही. आधी आपलं पाणी कोणत्या दगडातून आलं ते बघावं.

*

पीएचबद्दल एवढंच. क्लोरीन पाण्यात दोन रूपांत असतं. त्यातलं एक शेवाळाच्या पेशीत सहज शिरतं, दुसरं जवळजवळ दारातच अडखळतं. पीएच साडेसातला दोन्ही निम्मी निम्मी. साडेआठला कामाचं रूप दहा टक्क्यांच्या आसपास. हे नुसत्या क्लोरीनचं. सायन्युरिक असेल तर हा उतार खूप सौम्य होतो. तरी ७.२ ते ७.८ सोडू नये, डोळ्यांसाठी आणि गिलाव्यासाठीही. कारंजं चालू ठेवलं की पीएच चढतो, कारण सोड्याच्या बाटलीसारखा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. नातीला कारंजं आवडतं. ती असते तेव्हा मी दोनदा मोजते.

*

दुकानदाराचा सल्ला: मोरचूद टाका, शेवाळ मुळापासून जाईल.

मोरचूद शेवाळ मारतं, यात शंका नाही. त्याच्याच जोरावर बोर्डो मिश्रण उभं आहे. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी फ्रान्समध्ये ते मांडलं, आणि आज नाशिक-सांगलीचा द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना डोळे मिटून कालवू शकतो. पण मोरचुदातलं तांबं बागेत पावसाने धुऊन जातं, हौदात तिथेच राहतं. गिलाव्यावर निळसर-काळे डाग धरतं. पोहून केस हिरवे होतात ते क्लोरीनने, असं लोक म्हणतात. ते होतात तांब्याने. नातीच्या केसांकडे पाहिलं आणि पुडी दुकानातच ठेवली.

*

२०१६ चं रिओ ऑलिंपिक आठवतं. मारिया लेंक केंद्रातला डायव्हिंगचा तलाव ९ ऑगस्टला साऱ्या जगासमोर हिरवा झाला. चार दिवस आधी, उद्घाटनाच्या दिवशी, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं होतं. तेही जंतुनाशकच, पण क्लोरीनशी भेट झाली की दोघं एकमेकांना संपवतात. मोजणारं यंत्र क्लोरीन असल्याचं दाखवत राहिलं आणि शेवाळाला रान मोकळं मिळालं. शेजारचा तलावही हिरवा झाला आणि त्यातलं ३७ लाख लिटरहून जास्त पाणी बदलावं लागलं.

माझ्या मनाला यातली यंत्राची गोष्ट लागते. तिथे तज्ज्ञ होते, पैसा होता, आणि आकडा समोर होता. माझ्या पिवळ्या नळीसारखाच.

*

१ जून

निम्मं पाणी सोडायचं ठरवलं. भरायला मात्र टँकर नाही, पाऊस.

आधी तीन दिवस क्लोरीन बंद ठेवलं, उन्हाने शून्यावर येऊ दिलं. मग पाणी हळूहळू शोषखड्ड्यात. ओढ्याला एक थेंबही जाऊ दिला नाही. मामांना पूर्ण उपसून घासायचा होता. त्यांना थांबवलं. पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीतला हौद रिकामा करू नये. भोवतालच्या मातीत पाणी भरलं की ते खालून दाबतं, आणि आत वजन नसेल तर अख्खा हौद होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो, भेगा पडतात. वीस हजार लिटर म्हणजे वीस टन. ते वजन तळाला राहू दे.

कौलांच्या पन्हाळीला पाइप जोडला. पहिल्या दोन सरींचं पाणी बाहेर सोडायचं. त्यात वर्षभराची धूळ, विष्ठा, शेवाळाचे पापुद्रे. त्यानंतर १०० चौरस मीटर छपरावर २०० मिलिमीटर पडला की वीस हजार लिटर होतात. इकडे जून पुरा व्हायच्या आत तेवढा पडतो.

*

१४ जून

रात्री पहिला मोठा पाऊस. पहाटे हौदातून असा आवाज की झोप लागेना. सोनेरी पिवळे बेडूक, गळ्याशी निळे फुगे. क्लोरीन नसलेलं हिरवं पाणी त्यांना डबक्याइतकंच गोड वाटलं असणार. सकाळी कडेला अंड्यांचे थर, साबुदाण्याच्या खिरीसारखे.

मी मामांकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत. बादली घेऊन आले, चाळणीने थर अलगद उचलले आणि खालच्या खाचरात नेऊन सोडले. पाच फेऱ्या केल्या. "इथं राहिली तर तुमचं औषध खातील," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून हौदात एक फळी तिरपी सोडलेली असते, पडलेल्या जिवाला चढून यायला.

*

बुलढाण्यातलं लोणारचं सरोवर हिरवं आहे, आणि ते त्याचं निरोगी रूप आहे. उल्केच्या आघाताने बेसाल्टात झालेलं ते विवर. पाणी खारं, पीएच दहाच्या घरात. त्यात वाढतात नील-हरित सूक्ष्मजीव. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी अचानक गुलाबी झालं; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा कारण निघालं मीठ आवडणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव.

हौदाच्या पायरीवर काळे ठिपके दिसतात ते याच नील-हरित घराण्यातले. त्यांना 'काळं शेवाळ' म्हणतात. ते गिलाव्याच्या छिद्रांत घट्ट बसतात, वरून चिकट थर पांघरतात. नुसत्या क्लोरीनने हलत नाहीत. तारेच्या ब्रशने तो थर फोडावा लागतो, मगच क्लोरीन आत पोचतं. या जिवांच्या पूर्वजांनी अब्जावधी वर्षांपूर्वी या हवेत प्राणवायू भरला. ब्रश हातात असताना मला ते आठवत राहतं, आणि हात थोडा हळू चालतो.

*

१८ जुलै

जूनअखेर हौद पावसाने भरला: सायन्युरिक ९०, जडपणा २१०. त्यानंतर एकदम निम्मं न सोडता तीन वेळा फूटफूटभर सोडलं. पावसाचं पाणी अगदी मऊ, नुसत्या त्याच्यावर हौद ठेवला तर गिलावा खाईल. म्हणून या वेळी भरलं बहुतेक बोअरचं, पावसाने ते आता पुरेसं चढलेलं. आज सायन्युरिक ४०, जडपणा २०० च्या आसपास. एकट्या बोअरचं जड, एकट्या आभाळाचं मऊ, दोन्ही मिळून नेमकं.

पाणी अजून हिरवं आहे. पण आता लढाई लढता येईल.

*

१९ ते २३ जुलै

आधी आम्ल घालून पीएच ७.२ वर आणला. क्लोरीन चढल्यावर पीएचची नळी जांभळी होऊन खोटं सांगते, म्हणून हे आधीच.

मोठी मात्रा सायन्युरिकच्या चाळीस टक्के: इथे १६ पीपीएम. दहा टक्क्यांचं द्रव क्लोरीन ६.४ लिटर. (मे महिन्यात १८० असताना हाच आकडा ७२ झाला असता.) संध्याकाळी, पंप चालू ठेवून, काठाकाठाने. सकाळी मोजलं तर पाच. उरलेलं रात्रीत शेवाळाने खाल्लं. पुन्हा सोळावर आणलं. दुपारी परत. लोक इथेच चुकतात: एकदा भरपूर ओततात आणि दोन दिवस वाट पाहतात. तेवढ्यात उरलेलं शेवाळ पुन्हा दुप्पट होतं. पातळी पडू द्यायची नाही. आणि घासत राहायचं: भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागचा कोपरा, दिव्याच्या काचेमागची खाच. मामांनी आणि मी आळीपाळीने ब्रश धरला.

दुसऱ्या दिवशी हिरवं गेलं, राखाडी आलं. तिसऱ्या दिवशी पातळ ताकासारखं. चौथ्या रात्री साडेपंधरा होतं ते सकाळी पंधरा. रात्रीत, ऊन नसताना, एकाहून जास्त उतरलं नाही म्हणजे खाणारं कुणी उरलं नाही.

*

मेलेलं शेवाळ फार बारीक. वाळूच्या फिल्टरमधून बरंचसं निसटतं. थोडी मळलेली वाळू स्वच्छ वाळूहून बारीक गाळते, म्हणून दर दोन तासांनी बॅकवॉश करू नये. दाब अर्ध्या बारने चढेपर्यंत थांबावं.

शेवटी आजीचा उपाय केला. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात ती तुरटीचा खडा फिरवायची. त्याआधीच्या पिढीत निवळीची बी उगाळत. 'निवळणे' आणि 'निवळी' एकाच घराण्यातले शब्द. एक किलो तुरटी विरघळवून पसरली, पंप रात्रभर बंद ठेवला. सकाळी तळाशी राखेसारखा मऊ थर, वरचं पाणी काचेसारखं. हा थर फिल्टरमधून न नेता नळीने थेट बाहेर ओढायचा, आणि अगदी सावकाश. घाई केली की तो धुक्यासारखा उठतो. तुरटी थोडी क्षारता खाते. खाण्याचा सोडा घालून ती भरून काढली.

नाणं दिसलं. कोणत्या बाजूने पडलंय तेही दिसलं.

*

भांडारघराच्या दारावर लाल अक्षरांत: आम्ल आणि क्लोरीन एका फळीवर नाही. गोळ्या आणि ब्लीचिंगची पावडर एका मापाने, एका डब्यात कधीच नाही. त्या दोन एकत्र आल्या की पेट घेतात. औषध पाण्यात घालायचं, पाणी औषधावर नाही. आम्ल हायपोक्लोराइटवर सांडलं तर जो वायू निघतो, तोच पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, ईप्रच्या खंदकांवर सोडला होता. मामांना हे वाचून दाखवलं, मग त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांच्या मुलालाही.

द्रव क्लोरीनही नासतं. उन्हातल्या कॅनचा जोर काही आठवड्यांत उतरतो, म्हणून थोडं आणायचं, सावलीत ठेवायचं.

*

लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्या पाण्यात कुणी काही टाकत नसे, आणि ते कधी असं हिरवं झालेलं आठवत नाही. आता कारण कळतं. खोल, थंड, ऊन तासभर आत येणार, मासे आणि एक म्हातारं कासव, रोज उपसा, रोज झरा. आम्ही मात्र उथळ, उघडं, कोमट, साठलेलं पाणी उन्हात मांडतो. शेवाळ येणारच. त्याच्यावर मला राग नाही. फक्त रोज मोजायला हवं.

*

२ सप्टेंबर

मोकळं क्लोरीन ३. मे महिन्यातही तीनच होतं.

*

११ ऑक्टोबर

आठ दिवस पुण्यात होते. ऑक्टोबरचं ऊन, मनात धाकधूक. आल्यावर आधी वही उघडली. मामांच्या अक्षरात रोजची नोंद:

"सकाळ. गुलाबी आलं, तीन. पाणी दोन बोटं कमी, बोअरचं घातलं. नाणं दिसतं. बेडूक एक, फळीवर बसलेला, खाचरात सोडला."